काळजीची जागा

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, अंगणवाडीच्या ओट्यावर किंवा लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राबाहेरच्या रांगेत पालक जे प्रश्न विचारतात, त्यांची यादी फार लांब नसते: वजन का वाढत नाही, दूध पुरते का, अजून रांगत का नाही, दात का आले नाहीत, बोलत का नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच प्रश्न विचारले गेले आहेत आणि त्यांची उत्तरेही आजीकडून, शेजारणीकडून व अलीकडे मोबाइलवरून तयार मिळत आली आहेत. या प्रश्नोत्तरांकडे जरा बारकाईने पाहिले, तर त्यांत एक विसंगती आढळते. गालांचा गुटगुटीतपणा, हिरड्यांतला दात, पहिले पाऊल अशा ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यांच्यापायी घरेच्या घरे हवालदिल होतात. रक्तातले लोह, कानाला ऐकू येणे, बोटाने दाखवून दुसऱ्याचे लक्ष वेधणे अशा ज्या गोष्टी सहज दिसत नाहीत, त्यांच्याविषयी एखाद्या आईने शंका काढलीच, तर ‘होईल हळूहळू’ असे सांगून तिला गप्प केले जाते. पालक फार काळजी करतात, ही तक्रार त्यामुळे पुरेशी खरी नाही. काळजी आहे तेवढीच असते. ती बरेचदा चुकीच्या जागी खर्च होते.

वजनापासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्याच्याभोवती फिरतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अंगातले जादा पाणी निघून गेल्याने बाळाचे वजन जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा मूळ पातळीवर येते. ही घट नैसर्गिक आहे हे बाळंतिणीला आधीच सांगितलेले नसले, की पहिल्याच आठवड्यात ‘अंगावरचे दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि वरचे दूध सुरू होते. त्यानंतरचे गणित ढोबळमानाने असे, की तीन किलोचे बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षाचे होताना तिप्पट आणि दोन वर्षांचे होताना चौपट होते. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंनी वाढणारे तेच मूल दुसऱ्या वर्षात अवघे तीन किलो वाढते आणि वाढीबरोबर भूकही मंदावते. ‘आधी छान खात होता, आता तोंड फिरवतो’ ही वर्षा-दीडवर्षाच्या मुलांच्या आयांची तक्रार बहुतांश वेळा या उतरत्या वेगाचीच खूण असते, आणि भुकेचे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचा खप याच अज्ञानावर चालतो.

कोणते वजन योग्य, याचे उत्तर पूर्वी ज्या तक्त्यांवरून दिले जाई, त्यांत पाश्चात्त्य देशांतील व बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांचा भरणा मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली व त्यांवर आधारलेली प्रमाणके २००६ साली प्रसिद्ध केली. भारतातील मोजणी दक्षिण दिल्लीत झाली होती. निवडलेली मुले स्तनपानावर वाढणारी, धूम्रपान न करणाऱ्या मातांची आणि पुरेसा आहार व उपचार मिळणाऱ्या घरांतली होती. या अभ्यासाचे सर्वांत महत्त्वाचे फलित असे, की अशी परिस्थिती लाभली, तर पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचे मूल आणि ऑस्लोचे मूल जवळजवळ सारखेच वाढते. ‘आपल्याकडची मुले लहानखुरीच असतात’ या समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, तिचे खापर वंशावर फोडता येत नाही.

वजनाचा एक आकडा मात्र स्वतः फारसे काही सांगत नाही. अंगणवाडीत आढ्याच्या आकड्याला टांगलेल्या तबकडीच्या काट्याचे काम पाहिले, तर त्याचे कारण कळते. सेविकेने आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा असतो. मग झोळीत बसवलेले मूल पाय झाडू लागते, काटा थरथरत राहतो, आणि तो स्थिर होण्याची वाट न पाहता वाचलेले वजन दोन-तीनशे ग्रॅमने सहज चुकते. म्हणून एका महिन्याचा आकडा घेऊन घाबरण्यात अर्थ नसतो. माता व बाल संरक्षण कार्डातील आलेखावर महिन्यामहिन्याचे ठिपके जोडून जी रेषा तयार होते, तिची दिशा पाहायची असते. खालच्या पट्ट्यातून चालणारी, पण छापील वक्राला समांतर चढत जाणारी रेषा सहसा चिंतेची नसते. वरच्या पट्ट्यात असूनही दोन-तीन महिने सपाट राहिलेली किंवा खाली वळलेली रेषा चिंतेची असते, मग ते बाळ दिसायला कितीही गुटगुटीत असो. कार्ड घरोघरी पोहोचले आहे, परंतु त्यातला आलेख कोराच राहिल्याचे पुष्कळदा आढळते, आणि लसींच्या तारखांनी भरलेल्या पानाशेजारचे ते कोरे पान ही साधी हयगय नव्हे.

दूध पुरते की नाही, याची खूणही काट्यापेक्षा लंगोटात आधी सापडते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करणारे आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी वीस ते तीस ग्रॅम वाढणारे बाळ पुरेसे दूध पीत असते, मग ते कितीही रडो. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असल्याने सहा महिन्यांपर्यंत, चंद्रपूर-नागपूरच्या वैशाखातही, वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते. रडण्याचा प्रश्न वेगळा आहे. निरोगी बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते, बहुधा तिन्हीसांजेला जोर धरते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. नेमक्या याच काळात सहाणेवर मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ यांचे वळसे उगाळून बाळगुटी दिली जाते, आणि जे काळाने घडायचेच असते त्याचे श्रेय गुटीला मिळते. गुटी उगाळणाऱ्या आजीची माया निःसंशय खरी असते. तथापि सहाणेवरचे पाणी व हात यांतून जुलाबाचे जंतू पोटात जाण्याचा धोकाही तितकाच खरा असतो, आणि त्यात मध घातला गेला तर एका विशिष्ट जिवाणूच्या बीजाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा, क्वचित घडणारा पण भयंकर, आजार ओढवू शकतो. वर्षाच्या आत मधाचे बोटही चाटवू नये, असा नियम त्यामुळेच आहे.

सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण पार पडले, की पुढच्या प्रश्नांची रांग लागते आणि इथे परंपरेने दिलेले उत्तर सर्वांत महागात पडते. ते उत्तर म्हणजे वरणाचे पाणी. भाताची पेज, डाळीचे वरवरचे पाणी, भाज्यांचा गाळलेला सार हे पदार्थ ‘पचायला हलके’ म्हणून निवडले जातात. परंतु बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे जेमतेम तीस मिलिलिटर मावते, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एक छोटी वाटीभर, आणि ती वाटी पाण्याने भरली तर उष्मांकांना व प्रथिनांना जागाच उरत नाही. डाळ खाली राहते, पाणी बाळाला मिळते आणि घट्ट वरण मोठ्यांच्या ताटात जाते. यावर उपाय खर्चाचा नाही. तोच मऊ भात, तेच वरण, वर चमचाभर तूप किंवा तेल, जमेल तिथे अंडे, आणि चमचा तिरका केला तरी चटकन ओघळून न जाणारा घट्टपणा, एवढे पुरते. चमच्यातून जे धारेने सांडते ते बाळाचे जेवण नव्हे, ही कसोटी कोणत्याही स्वयंपाकघरात लावता येते. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, त्यानंतर तीन-चारदा असे हे जेवण स्तनपानासोबत चालू ठेवायचे असते.

घट्ट अन्नाच्या आग्रहामागे आणखी एक कारण आहे, जे आलेखावर दिसत नाही. आईच्या पोटात असताना साठवलेले लोह बाळाला साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडेच असते, गायी-म्हशीच्या दुधातही ते अत्यल्प असते आणि वर्षाच्या आत ते दूध भरपूर पाजले, तर आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होऊन असलेले लोहही घटते. दिवसाला लिटरभर दूध पिणारे, गोरेपान, गुबगुबीत आणि सतत चिडचिडे मूल हे लोहाच्या कमतरतेचे दवाखान्यांत नित्य दिसणारे रूप आहे, आणि त्याच्या गोरेपणाचे कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना तो रंग पांडुरोगाचा आहे हे उमगत नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे या वयाची ६७.१ टक्के भारतीय मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. लोह केवळ रक्तासाठी लागत नाही. मेंदूतील तंतूंवर चढणाऱ्या वेष्टणासाठी आणि संदेशवाहक रसायनांसाठीही ते लागते, व पहिल्या दोन वर्षांतील तूट पुढे औषधाने भरून काढली, तरी शिकण्यावरचा तिचा परिणाम पूर्णपणे पुसला जाईलच असे नाही. दुपारभर दुधाच्या बाटलीसह झोपणाऱ्या मुलाविषयी कुणी काळजी करत नाही, याचे दुःख बालरोगतज्ज्ञांना का होते, ते यावरून समजावे.

रांगणे व चालणे यांविषयीच्या प्रश्नांत तुलनेचा जाच सर्वाधिक असतो. उपरोक्त जागतिक अभ्यासाचाच भाग म्हणून पाच देशांतील ८१६ बालकांच्या हालचालींचे टप्पे नोंदले गेले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी एक तारीख न देता एक कालपट दिला गेला. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिने, एवढी ही रुंदी आहे. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले सोळाव्या महिन्यात, तर दोन्ही या पटाच्या आतच असतात. अभ्यासातील ४.३ टक्के मुले तर रांगलीच नाहीत. ती बुडावर सरकत किंवा थेट उभी राहून पुढे गेली. भारतीय बालकांपुरते पाहायचे, तर बडोद्यात प्रमिला फाटक यांनी अमेरिकी मापनाच्या आधारे तयार केलेली, ६७ शारीरिक व १६३ मानसिक कृतींची विकासमापन श्रेणी १९७० पासून उपलब्ध आहे आणि आजही तिची सुधारित आवृत्ती वापरली जाते. पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र दोन वर्षांपर्यंत ‘दुरुस्त वय’ धरावे लागते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून आठ आठवडे वजा करायचे असतात, अन्यथा सहा महिन्यांच्या बाळाकडून आठ महिन्यांच्या बाळाची अपेक्षा केल्यासारखे होते.

चालायला लवकर यावे म्हणून आणले जाणारे साधन येथे लक्षात घ्यावे लागते. जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून पुढे ढकलते, म्हणजे तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. आजचा गोल, प्लॅस्टिकचा, मूल आत बसवून चाकांवर फिरवणारा वॉकर नेमका तो तोलच काढून घेतो. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट किंचित लांबते, आणि जिन्यावरून, उंबऱ्यावरून, शेगडीपाशी होणारे अपघात वाढतात. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. हेतू तोच राहिला आणि वस्तू उलटी झाली, याचे हे चपखल उदाहरण आहे.

दातांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पहिला दात बहुधा सहाव्या ते दहाव्या महिन्यात येतो, तेराव्या महिन्यापर्यंत वाट पाहण्यास हरकत नसते आणि वीस दुधाचे दात तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात. घातक आहे ती दातांना चिकटलेली समजूत, की दात येताना जुलाब होणारच. या वयात मूल जमिनीवर फिरते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि वरचे अन्न खाऊ लागलेले असते, म्हणून जुलाब होतात. दात फक्त त्याच महिन्यांत उगवतात. जुलाब ‘दातांचे’ ठरले, की उपचार थांबतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महलनाबीस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण तोंडावाटे देऊन पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. मराठीत जलसंजीवनी या यथार्थ नावाने ओळखले जाणारे ते पाणी आज प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असते. त्यासोबत चौदा दिवस जस्ताची गोळी द्यायची असते. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबले की गोळ्याही थांबवल्या जातात, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होऊ नयेत यासाठी मिळणारे संरक्षण त्यामुळे वाया जाते.

खोकल्याच्या बाबतीतही हेच घडते. घरचे लोक खोकल्याचा आवाज ऐकतात, वस्तुतः मोजायचा असतो श्वास. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आत पन्नास किंवा अधिक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने मोठे आकडे न मोजता येणाऱ्या सुइणींसाठी यावर एक साधे उपकरण तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मणी हलला, तर औषध सुरू करायचे. याच संस्थेने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. काय पाहायचे, हे नेमके ठाऊक झाले, तर फारसे न शिकलेली स्त्रीही बाळाचा जीव वाचवू शकते, हे त्या मण्यांनी सिद्ध केले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरभेटी देण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ त्या कामात आहे.

राहिला बोलण्याचा प्रश्न, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलले’, ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळलाय’, ‘जिभेला वेखंड चोळा’ ही उत्तरे आईला घरातून मिळतात, आणि दुर्दैवाने कधीकधी दवाखान्यातूनही. मुलगे सरासरीने काही आठवडे मागे असतात हे खरे. पण सरासरीतील काही आठवड्यांचा फरक कोणत्याही एका मुलाचे वर्षभराचे मौन समजावून देत नाही. दोन भाषांमुळे वाचा लांबत नाही. दुबईतल्या वा न्यू जर्सीतल्या मराठी घरात, किंवा मेळघाटात घरी कोरकू व अंगणवाडीत मराठी ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात, आणि ‘मराठी बंद करा, इंग्रजीच बोला’ हा सल्ला मुलापासून त्याच्या आजीची भाषा हिरावून घेतो, बाकी काही साधत नाही. वर्षाच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ नसणे, बोटाने दाखवणे किंवा टाटा करणे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत ‘मम दे’, ‘बाबा ये’ असे दोन शब्द स्वतःहून न जोडणे, आणि आलेले शब्द वा हसू-खेळणे कोणत्याही वयात नाहीसे होणे, या खुणा आढळल्यास थांबायचे नसते. त्यांत बोटाने दाखवणे ही खूण विशेष मोलाची आहे. आकाशातला चंद्र दाखवून आईच्या तोंडाकडे वळून पाहणारे मूल चंद्र मागत नसते, ते आपल्या पाहण्यात तिला सामील करून घेत असते; ही देवाणघेवाण नसणे स्वमग्नतेचे लवकर दिसणारे लक्षण असू शकते.

तपासणीचा आरंभ मात्र नेहमी कानापासून व्हावा लागतो. जन्मतःच ऐकू न येणारी मुले दर हजारी साधारण एक ते तीन असतात, आणि त्यांचे बहिरेपण घरात कळत नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत तीही इतरांसारखीच हुंकार देतात. घरगुती परीक्षा म्हणून बाळाच्या मागे थाळी वाजवली जाते; बाळ दचकते व घर निश्चिंत होते. वस्तुतः बाळाला थाळीचा आवाज ऐकू आलाच असे नाही. फरशीतून आलेला कंप, हाताची हललेली सावली किंवा समोर बसलेल्या आईची वर गेलेली नजरही त्याला दचकवू शकते, आणि ज्या बाळाला मोठे आवाज ऐकू येतात पण बोलण्याचे बारीक आवाज येत नाहीत, ते तर या परीक्षेत हमखास उत्तीर्ण होते. त्या एका थाळीने दोन-अडीच वर्षे वाया गेलेली मुले श्रवणतज्ज्ञांकडे सतत येत असतात. ऐकण्याचा भाग मेंदूत घडतो तो याच वर्षांत, आवाज मिळत गेले तर. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व प्रशिक्षण, असा क्रम जगभर मानला जातो. ज्या बाळांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, ज्यांची कावीळ फार वाढली होती किंवा ज्यांच्या नात्यात बहिरेपण आहे, त्यांच्यासाठी तर हा क्रम चुकवून चालत नाही.

व्यवस्था अगदीच नाही असे नव्हे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष व विकासातील विलंब या दोहोंचा समावेश आहे, त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात, शंका असलेले मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते, आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी उभी आहे. पहिल्या महिन्यातली कानाची ही चाचणी बाळाने काही करून दाखवण्याची नसते. उलट ते झोपलेले असावे लागते. दूध पिऊन आईच्या मांडीवर गाढ झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची एक छोटी नळी बसवली जाते, तिच्यातून बारीक टकटक आत जाते, निरोगी आंतरकर्णातील केसासारख्या पेशी त्या आवाजाला प्रतिसाद म्हणून स्वतःचा एक अतिशय क्षीण आवाज परत पाठवतात, आणि नळीतलाच सूक्ष्म ध्वनिग्राहक तो टिपतो. दोन्ही कानांना मिळून काही मिनिटे लागतात. पडद्यावर एकतर उत्तीर्ण असे येते किंवा पुढील तपासणी आवश्यक असे येते. दुसरे आले, तरी ते निदान नसते, कारण जन्मानंतरच्या दिवसांत कानात राहिलेल्या द्रवामुळेही तसे होऊ शकते, आणि मग काही आठवड्यांनी हीच नळी पुन्हा त्याच कानात, पुन्हा झोपेतच, बसवायची असते.